इंग्रजी वाक्यातली चूक पकडायची कशी? आधी मोडल बघा

“सर, कानाला तर बरोबर वाटून राहिलं.” सक्करदरा असो की धरमपेठ, नागपुरातल्या कुठल्याही अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांतल्या ‘स्पॉट द एरर’चा, म्हणजे भाग पाडून दिलेल्या वाक्यातला चुकलेला भाग ओळखायचा, सराव सुरू असला की हे वाक्य ऐकू येतंच. आणि पोट्टे खोटं बोलत नसतात. त्यांच्या कानाला ते खरंच बरोबर वाटतं, कारण तो कान तयार झालाय दुकानांच्या पाट्यांवर, ऑफिसांच्या नोटिशींवर आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या इंग्रजीवर. ‘द ऑफिस वुड रिमेन क्लोज्ड टुमारो’ ही ओळ सणाच्या आदल्या दिवशी इतक्या दारांवर चिकटवलेली असते, की त्यातला ‘वुड’ कुणाला खटकतच नाही.

तेव्हा चूक कानाने शोधायची नाही, क्रमाने शोधायची. वाक्यात आधी काय बघायचं आणि मग काय, हे एकदा ठरलं की कानाची साक्ष लागत नाही. सुरुवात मोडलपासून, म्हणजे मुख्य क्रियापदाला जोडून शक्यता, परवानगी, सक्ती असा अर्थ देणाऱ्या साहाय्यक क्रियापदांपासून करा असं मी सांगतो, त्याला कारण आहे. प्रीपोझिशनला अंत नाही, आर्टिकलचे अपवाद संपत नाहीत, पण खरे मोडल फक्त नऊ आहेत: कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड आणि मस्ट. त्यांच्या आगेमागे ऑट टू, नीड, डेअर, यूज्ड टू, हॅड बेटर, वुड रादर अशी थोडी मंडळी. एवढ्याशा कुटुंबाचे नियम कडक आहेत आणि परीक्षक ते पुनःपुन्हा विचारतात.

वेळेचा हिशेबही बघून घ्या. केंद्र सरकारी नोकऱ्यांसाठीच्या एसएससी सीजीएल परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात ६० मिनिटांत १०० प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ३६ सेकंद. बरोबर उत्तराला २ गुण, चुकलं तर अर्धा गुण वजा. सैन्यदलांत अधिकारी होण्यासाठीच्या सीडीएस परीक्षेच्या इंग्रजी पेपरात २ तासांत १२० प्रश्न. तेच वाक्य चार वेळा पुटपुटून ‘कसं वाटते’ हे ठरवायला तिथे सवड नाही.

पायरी पहिली : क्रियापदं उघडी पाडा

वाक्य हातात आलं की अर्थाच्या मागे लागू नका. पेन्सिलने, किंवा स्क्रीनवर असाल तर नजरेने, फक्त कर्ता आणि क्रियापदं वेगळी काढा. हे वाक्य घ्या: ‘द क्लर्क हू सिट्स नियर द लिफ्ट ऑन द सेकंड फ्लोअर मस्ट ऑल्सो साइन्स द फॉर्म.’ लिफ्ट, दुसरा मजला, जवळ बसणारा, हे सगळं बाजूला सारलं की उरतं ‘क्लर्क मस्ट साइन्स’. आता चूक अंगावर येते. मोडलनंतर क्रियापदाचं मूळ रूपच हवं, म्हणजे ‘साइन’.

पूर्ण वाक्यात ती दिसत नव्हती, कारण मध्ये ‘ऑल्सो’ बसला होता. परीक्षकाची ही जुनी युक्ती आहे. मोडल आणि क्रियापद यांच्यात ऑल्वेज, नेव्हर, ऑल्सो, सर्टनली असा एखादा शब्द खुपसायचा, म्हणजे वाचणाऱ्याच्या मनात दोघांची ताटातूट होते. प्रश्नार्थक वाक्यात तर मोडल उडी मारून कर्त्याच्या आधी जातो: ‘कॅन द ओल्ड बस टेक्स अस टू रामटेक?’ इथे ‘बस टेक्स’ ही जोडी इतकी सराईत वाटते की सुरुवातीचा ‘कॅन’ विसरायला होतं. मोडल दिसला की त्याचं क्रियापद कुठे बसलंय ते शोधूनच पुढे जायचं.

हा जादा ‘एस’ आपल्याकडून का लागतो, तेही समजून घेण्यासारखं आहे. मराठीत ‘तो सही करू शकतो, ती करू शकते, ते करू शकतात’. ‘करू’ जागचं हलत नाही, पण ‘शकणे’ कर्त्याप्रमाणे रूप बदलतं. कर्ता बदलला की कुठेतरी बदल दिसलाच पाहिजे, ही सवय आपल्या हाडात आहे. इंग्रजीत मोडलही बदलत नाही आणि पुढचं क्रियापदही नाही. कर्ता आय असो, ही असो की दे, ‘कॅन साइन’च. मोडलला ‘एस’ चिकटवायला जागा सापडत नाही, म्हणून आपण तो पुढच्या शब्दाला देऊन मोकळे होतो.

मोडलला ‘एस’ का नाही, याला इतिहास आहे. कॅन, मे, शॅल यांची वर्तमानकाळाची रूपं फार पूर्वी, जर्मन कुळातल्या भाषांच्या अगदी जुन्या अवस्थेत, भूतकाळी रूपांतून तयार झाली. भूतकाळाला ‘एस’ लागत नाही, आपण ‘ही वेंट्स’ म्हणत नाही, तसंच हे. ‘मस्ट’ तर मुळातच एका जुन्या क्रियापदाचं भूतकाळी रूप. त्यामुळे त्याला आता स्वतःचा वेगळा भूतकाळ नाही, आणि ‘यस्टरडे आय मस्ट गो टू वर्धा’ हे चालत नाही. तिथे ‘हॅड टू गो’ लागतं.

पायरी दुसरी : मोडलच्या उजव्या हाताला काय आहे?

मोडलनंतर चारच प्रकारच्या गोष्टी येऊ शकतात. नुसतं मूळ रूप, जसं ‘शुड गो’. ‘बी’ आणि आयएनजीचं रूप, ‘विल बी वेटिंग’. ‘बी’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप (‘गो-वेंट-गॉन’मधल्या ‘गॉन’सारखं), ‘मस्ट बी सबमिटेड’. ‘हॅव’ आणि तिसरं रूप, ‘कुड हॅव गॉन’. शेवटच्यात ‘बीन’ची भर पडू शकते, ‘शुड हॅव बीन रिपेअर्ड’. याच्या बाहेर काही दिसलं की तो भाग संशयित.

प्रत्यक्षात चुका होतात त्या ठरावीक ठिकाणी. पहिली कर्मणी प्रयोगाची, आणि ती शहरभर दिसते: ‘ऑल फॉर्म्स मस्ट सबमिटेड हिअर’, ‘हॉल तिकीट कॅन बी डाउनलोड’. एकात ‘बी’ गळालाय, दुसऱ्यात तिसरं रूप. दोन्ही असल्याशिवाय कर्मणी होत नाही.

दुसरी ‘हॅव’ची. ‘ही मस्ट हॅज लेफ्ट’ असं लिहिलं जातं, कारण ‘ही’ला ‘हॅज’ लावायचं हे शाळेपासून डोक्यात पक्कं आहे. पण मोडलनंतर ‘हॅव’सुद्धा मूळ रूपातच राहतो. म्हणून ‘शुड हॅड’ आणि ‘मे हॅज’ कधीच बरोबर नसतात. त्यातच ‘कुड हॅव वेंट’ येतं, दुसरं आणि तिसरं रूप यांची अदलाबदल. ‘वेंट-गॉन’, ‘डिड-डन’, ‘रन’, ‘कम’ यांवर परीक्षकाचा विशेष जीव आहे. ‘शुड ऑफ’, ‘कुड ऑफ’ ही रूपं इंग्रजी मातृभाषा असलेलेही लिहितात, कारण घाईत बोललेला ‘हॅव’ तसा ऐकू येतो. लिहिताना ती चूकच.

तिसरी ‘टू’ची. ‘मस्ट टू गो’, ‘शुड टू वेट’ चूक. ऑट, यूज्ड आणि हॅव यांना मात्र ‘टू’ हवाच: ‘यू ऑट रिस्पेक्ट देम’ यात ‘ऑट’नंतर ‘टू’ नाही, म्हणून चूक. हॅड बेटर आणि वुड रादर यांना ‘टू’ नको: ‘यू हॅड बेटर टू लीव्ह नाऊ’ यातला ‘टू’ काढायचा. ‘हॅड’ दिसतो म्हणून तिसरं रूप टाकायचा मोहही होतो. ‘हॅड बेटर गॉन’ नव्हे, ‘हॅड बेटर गो’.

पायरी तिसरी : डाव्या हाताला काय आहे?

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तसे एका क्रियापदासमोर दोन मोडल राहत नाहीत. ‘यू विल कॅन सी द लेक फ्रॉम हिअर’ हे ‘तुम्ही बघू शकाल’ या मराठी वाक्यावर बेतलेलं इंग्रजी आहे. इथे ‘विल बी एबल टू सी’ हवं. ‘मस्ट’ भविष्यात न्यायचा तर ‘विल हॅव टू’.

अर्थाने दोन मोडल असलेली वाक्यं जास्त फसवी. ‘ही कॅन एबल टू स्पीक’ यात तर रूपच चुकलंय, पण ‘ही कॅन बी एबल टू स्पीक’ यात रूप ठीक असून एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे. ‘मस्ट हॅव टू’, ‘शुड ऑट टू’ त्याच जातीचे. ‘मे पॉसिबली’बद्दल मतभेद आहेत. बोलताना लोक सर्रास म्हणतात, पण प्रश्नात तो दिसला आणि बाकी भाग स्वच्छ असले, तर परीक्षकाचं बोट तिथेच आहे असं समजा.

मोडल असताना डू, डज, डिड यांचं काम नसतं. ‘डज ही कॅन ड्राइव्ह?’ चूक, ‘कॅन ही ड्राइव्ह?’ बरोबर. नीड आणि डेअर इथे गोंधळ घालतात, त्यांच्याकडे पुढे येतोच.

पायरी चौथी : काळ जुळतो का?

रूप तपासून झालं, आता वाक्यातले काळ दाखवणारे शब्द शोधा: यस्टरडे, टुमारो, इन १९९५, बाय द टाइम, सेड दॅट. सगळ्यात जास्त गुण इथेच हातचे जातात, म्हणून इथे जरा थांबू.

आधी तो ‘वुड’. ‘द ऑफिस वुड रिमेन क्लोज्ड टुमारो.’ आपल्याकडे ‘वुड’ म्हणजे ‘विल’चं सभ्य रूप अशी समजूत आहे. विनंतीत ते खरं, ‘वुड यू प्लीज वेट?’ पण साध्या विधानात ‘वुड’च्या मागे एखादी अट लागते किंवा भूतकाळ लागतो. मारबतीची मिरवणूक निघणार, रस्ते बंद राहणार, सुट्टी पक्की. त्यात कसलीही अट नाही. मग ‘विल रिमेन क्लोज्ड’. अट असती, ‘इफ द ट्रॅफिक वेअर डायव्हर्टेड, वी वुड क्लोज अर्ली’, तर ‘वुड’ शोभला असता.

दुसरा ‘कुड’. पूर्वी अंगात असलेली क्षमता सांगायला तो चालतो: ‘ही कुड स्विम ॲट फाइव्ह.’ पण एकदाच घडलेलं, प्रयत्नाने जमलेलं काम सांगायचं तर होकारार्थी वाक्यात ‘वॉज एबल टू’ किंवा ‘मॅनेज्ड टू’ लागतं. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून पाणी वस्त्यांत शिरलं, त्यावर कुणी वाक्य केलं: ‘द वॉटर रोज फास्ट, बट द फॅमिली कुड रीच द टेरेस.’ ते कुटुंब त्या रात्री खरंच गच्चीवर पोहोचलं असेल, तर ‘वॉज एबल टू रीच’. नकारात मात्र ‘कुड नॉट रीच’ बिनधोक चालतं. ‘सी’ आणि ‘हिअर’सारख्या क्रियापदांबरोबर होकारातही ‘कुड’ चालतो.

तिसरं, मोडल अधिक ‘हॅव’. भूतकाळाबद्दल अंदाज किंवा हळहळ व्यक्त करायची तर हा ‘हॅव’ लागतोच. ‘तो काल आला असेल’ म्हणजे ‘ही मस्ट हॅव कम यस्टरडे’, ‘मस्ट कम’ नव्हे. ‘सांगायला हवं होतं’ म्हणजे ‘शुड हॅव टोल्ड’. यस्टरडे, लास्ट नाइट असा शब्द आहे आणि (कुड, वुड सोडून) मोडलपुढे नुसतं मूळ रूप आहे, तर तिथे बोट ठेवा.

चौथं, दुसऱ्याचं बोलणं सांगताना. ‘ही सेड दॅट ही विल कम’ यात परीक्षेच्या हिशेबाने ‘वुड’ हवा, आणि त्याच चालीने कॅनचा कुड, मेचा माइट. खऱ्या इंग्रजीत गोष्ट अजून घडायची असेल तर ‘विल’ ठेवलेलाही चालतो. मग करायचं काय? बाकीच्या भागांत निर्विवाद चूक आहे का ते बघा. असेल तर ती निवडा. नसेल तर ‘सेड’नंतरच्या ‘विल’वर शिक्का मारा. वादाची चूक आणि पक्की चूक समोरासमोर असतील, तर नेहमी पक्की घ्यायची.

पायरी पाचवी : जोडणारा शब्द कोणता?

काही शब्द दिसले की मोडलबद्दल प्रश्न विचारलाच पाहिजे. ‘इफ’ हा त्यातला मुख्य. ज्या भागात ‘इफ’ आहे, त्यात सहसा विल किंवा वुड येत नाही. ‘इफ इट विल रेन’ नाही, ‘इफ इट रेन्स’. ‘इफ आय वुड हॅव नोन’ नाही, ‘इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम’. अनलेस, व्हेन, अनटिल, ॲज सून ॲज हेही भविष्याबद्दल बोलत असतील तर तोच नियम: ‘वेट अनटिल द ट्रेन विल स्टॉप’ चूक. एक अपवाद लक्षात असू द्या. ‘इफ यू विल वेट हिअर, आय शॅल कॉल हिम’ यात ‘विल’ म्हणजे ‘थांबायची कृपा कराल तर’. हे बरोबर आहे.

‘लेस्ट’ बोलण्यात क्वचितच ऐकू येतो, पण परीक्षेत अजून जिवंत आहे. त्याच्यासोबत ‘शुड’ येतो किंवा नुसतं मूळ रूप, आणि ‘नॉट’ कधीच नाही, कारण नकार त्याच्या पोटातच आहे. ‘लेस्ट ही शुड फॉल’ बरोबर, ‘लेस्ट ही फॉल’ही बरोबर, ‘लेस्ट ही विल फॉल’ चूक.

सजेस्ट, रेकमेंड, डिमांड, इन्सिस्ट ही क्रियापदं ‘असं करावं’ या अर्थाने आली, तर ‘दॅट’नंतर ‘शुड’ किंवा मूळ रूप. ‘द डॉक्टर सजेस्टेड दॅट ही ड्रिंक मोअर वॉटर’ हे वाक्य चुकल्यासारखं वाटतं, पण अगदी शुद्ध आहे. ‘ड्रिंक्स’ लिहिलं की ते बिघडतं. इथे कानावर विसंबणारा हमखास फसतो.

‘आय विश आय कॅन’ नाही, ‘आय विश आय कुड’. ‘सो दॅट’च्या आधी भूतकाळ असेल तर पुढे सहसा कुड, माइट किंवा वुड. ‘वुड रादर’च्या बाजूंचं वजन सारखं हवं: ‘वुड रादर वॉक दॅन वेट’. आणि दुसऱ्याने काही करावं असं म्हणायचं तर पुढे भूतकाळी रूप, ‘आय वुड रादर यू केम टुमारो’. उद्याबद्दल बोलताना ‘केम’, हे विचित्र वाटलं तरी बरोबर.

अर्धे मोडल, पूर्ण डोकेदुखी

नीड आणि डेअर कधी मोडलसारखे वागतात, कधी साध्या क्रियापदासारखे. दोन्ही वागणुकी चालतात, मात्र एका वाक्यात एकच. ‘ही नीड नॉट वरी’ ही मोडल रीत: ‘एस’ नाही, ‘टू’ नाही, ‘डज’ नाही. ‘ही डज नॉट नीड टू वरी’ ही साधी रीत: ‘डज’ आहे, ‘टू’ आहे. ‘ही नीड्स नॉट वरी’ आणि ‘ही नीड नॉट टू वरी’ ही त्यांची खिचडी, म्हणून चूक. मोडल ‘नीड’ फक्त नकारात, प्रश्नात आणि ‘ओन्ली’, ‘हार्डली’सारख्या शब्दांबरोबर येतो: ‘यू नीड ओन्ली आस्क’. साध्या होकारार्थी वाक्यात ‘ही नीड गो’ चालत नाही, ‘ही नीड्स टू गो’ लागतं.

‘नीड नॉट हॅव बॉट’ आणि ‘डिड नॉट नीड टू बाय’ यांत अर्थाचा फरक आहे. पहिल्यात विकत घेतलं, पण गरज नव्हती. दुसऱ्यात गरज नव्हती एवढंच कळतं, घेतलं की नाही ते सांगितलेलं नाही.

‘यूज्ड टू’ची गंमत वेगळी. ‘ही यूज्ड टू लिव्ह इन महाल’ म्हणजे पूर्वी नागपूरच्या महाल भागात राहायचा. ‘ही इज यूज्ड टू लिव्हिंग इन महाल’ म्हणजे तिथे राहायची सवय झालीय. ‘इज’ किंवा ‘गॉट’ दिसला की आयएनजी किंवा नाम, नाही दिसला की मूळ रूप. ‘आय ॲम यूज्ड टू वर्क इन दिस हीट’ यात ‘वर्किंग’ हवं. ‘डिड’ आला की ‘यूज्ड’चा ‘डी’ उडतो: ‘डिड नॉट यूज टू’.

अर्थाची एक चाचणी

रूप, काळ, जोडशब्द सगळं जमलं तरी मोडल चुकीचा निवडलेला असू शकतो. ‘मस्ट नॉट’ म्हणजे मनाई, ‘नीड नॉट’ म्हणजे गरज नाही. ‘एंट्री इज फ्री, सो यू मस्ट नॉट बाय अ तिकीट’ हे हास्यास्पद आहे, फुकट प्रवेश असताना तिकीट घेणाऱ्याला कोण अडवणार? तसंच खात्रीच्या अंदाजाचा नकार परीक्षेत ‘कॅनॉट’ने करा. ‘दिवे बंद आहेत, तो घरी असूच शकत नाही’ म्हणजे ‘ही कॅनॉट बी ॲट होम’.

सरकारी पत्रांतलं ‘यू मे प्लीज सबमिट द रिपोर्ट’ आठवत असेल. परवानगी आणि विनंती यांचं हे कडबोळं मला कधीच आवडलं नाही, पण रूपात काही चूक नाही. त्याच वाक्यात दुसरीकडे ठळक चूक असेल तर याच्या वाटेला जाऊ नका.

एक वाक्य सावकाश

आता सगळ्या पायऱ्या एका वाक्यावर लावू. ‘द कॉन्ट्रॅक्टर ॲश्युअर्ड द रेसिडेंट्स / दॅट द वर्क ऑन द रोड / कुड बी कंप्लीटेड बिफोर द मॉन्सून / इफ द फंड्स वुड कम ऑन टाइम.’

क्रियापदं काढली: ॲश्युअर्ड, कुड बी कंप्लीटेड, वुड कम. मोडल दोन. ‘कुड’च्या उजवीकडे ‘बी’ आणि तिसरं रूप, ठीक. ‘वुड’च्या उजवीकडे मूळ रूप, तेही ठीक. डावीकडे कुणी दुसरा मोडल नाही. काळ: ‘ॲश्युअर्ड’ भूतकाळ, त्यापुढे ‘कुड’, जुळलं. जोडशब्द: शेवटच्या भागात ‘इफ’, आणि त्याच भागात ‘वुड’. सापडलं. ‘इफ द फंड्स केम ऑन टाइम’ हवं. निधी वेळेवर येईल का, हा प्रश्न व्याकरणाच्या बाहेरचा.

दुसरं वाक्य वेगळ्या स्वभावाचं: ‘नाइदर द ड्रायव्हर नॉर द पॅसेंजर्स / कुड हॅव नोन / दॅट द रोड कनेक्टिंग द टू स्क्वेअर्स / वेअर क्लोज्ड फॉर रिपेअर्स.’ मोडलचा अभ्यास नुकताच केलेला विद्यार्थी ‘कुड हॅव नोन’वर तुटून पडतो. पण तो भाग निर्दोष आहे, आमिष म्हणून ठेवलेला. शेवटच्या क्रियापदाचा कर्ता ‘रोड’ आहे, ‘स्क्वेअर्स’ नव्हे. म्हणून ‘वॉज क्लोज्ड’. मोडल स्वच्छ निघाला की तिथे रेंगाळायचं नाही, लगेच उरलेल्या क्रियापदांचे कर्ते तपासायचे, मग प्रीपोझिशन, मग आर्टिकल.

आपल्या भागातली एक खास सवय याच टप्प्यावर तपासा. आपण ‘करून राहिलो’, ‘समजून नाही राहिलं’ असं बोलतो, आणि तीच चाल इंग्रजीत शिरते: ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’, ‘ही इज हॅविंग टू हाउसेस’, ‘शी इज नोइंग हिम’. समजणे, माहीत असणे, मालकीचं असणे, वाटणे अशा अवस्था सांगणाऱ्या क्रियापदांना परीक्षेत आयएनजी लावू नका. मोडलनंतरही तेच, ‘यू मस्ट बी नोइंग हिम’ ऐवजी ‘यू मस्ट नो हिम’. मुंबई-पुण्याकडचे लोकही ही चूक करतात, पण आपल्या बोलीत ‘राहिलं’ इतकं ठासून बसलंय की आपल्याला ती लवकर दिसत नाही.

‘नो एरर’ला घाबरू नका

अशा प्रश्नांच्या सूचनेतच बहुधा ‘मे कंटेन ॲन एरर’ असं लिहिलेलं असतं. ‘मे’, ‘मस्ट’ नव्हे. म्हणजे चूक असेलच असं नाही. सगळ्या पायऱ्या होऊन काही हाती लागलं नाही, तर ओढूनताणून चूक तयार करण्यापेक्षा ‘नो एरर’ निवडावं. मात्र पायऱ्या केल्या नाहीत आणि नुसतं ‘ठीक वाटते’ म्हणून निवडलं, तर ते पुन्हा कानाचंच ऐकणं झालं.

सरावासाठी वही ठेवा, पण नियमांची नाही, चुकलेल्या वाक्यांची. प्रत्येक वाक्यासमोर फक्त पायरीचा क्रमांक लिहा. काही आठवड्यांत वहीत एखादाच आकडा पुनःपुन्हा दिसायला लागेल. चौथा असेल तर महिनाभर फक्त काळाची वाक्यं सोडवा. शंभर पानांची नियमावली पाठ करण्यापेक्षा याने लवकर फरक पडतो. वाक्यं जुन्या प्रश्नपत्रिकांतून घ्या. फिरत्या पीडीएफमध्ये उत्तरंच चुकलेली असतात, आणि मग आपण चूक शिकून बसतो.

ही पाच वाक्यं आत्ताच करून बघा. पहिलं, ‘ही नीड नॉट टू ब्रिंग द ओरिजिनल सर्टिफिकेट्स.’ दुसरं, ‘आय वुड रादर टेक द मेट्रो दॅन ड्रायव्हिंग इन दिस हीट.’ तिसरं, ‘शी रॅन टू द प्लॅटफॉर्म लेस्ट शी शुड नॉट मिस द ट्रेन.’ चौथं, ‘द शटर्स आर डाउन, द शॉप मस्ट क्लोज्ड ॲन अवर अगो.’ पाचवं, ‘ही डेअर नॉट ओपन द विंडो ॲट नून इन मे.’

पहिल्यात ‘टू’ काढा. दुसऱ्यात ‘ड्राइव्ह’ हवं. तिसऱ्यात ‘नॉट’ जादा आहे. चौथ्यात ‘मस्ट हॅव क्लोज्ड’. पाचव्यात काहीच चूक नाही: ‘डेअर’ इथे मोडल आहे, म्हणून त्याला ‘एस’ नाही आणि पुढे ‘टू’ नाही, आणि शेवटचा ‘मे’ हा मोडल नसून महिना आहे.